काळं वल्हं

"काका, असे मध्येच थांबू नका. घड्याळ चालू आहे."

काजळकाका दचकले. आपण थांबलो होतो हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी पुन्हा हंड्यातलं वल्हं फिरवायला सुरुवात केली. शेजारी डॉक्टरबाई उभ्या होत्या, एका हातात दाबून थांबवायचं घड्याळ, दुसऱ्या हातात वही. काका किती वेळा फिरवतात, कोणत्या दिशेनं फिरवतात, फिरवताना श्वास कधी घेतात, सगळं त्या वहीत उतरत होतं.

काकांचा एक कान हंड्याकडे होता आणि दुसरा भिंतीपलीकडे, कपडे बदलायच्या खोलीतल्या सतरा नंबरच्या कपाटाकडे. कपाट काही आवाज करत नव्हतं, हे खरं. पण ज्याच्या पोटात चोरी असते त्याला भिंतसुद्धा बोलताना ऐकू येते.

"वल्हं कसं वाटतंय? नवं कोरं आणलंय आमच्या कारखान्यातून," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"छान आहे. हलकं आहे."

"म्हणजे जुनं जड होतं?"

"नाही नाही," काका घाईघाईनं म्हणाले, "जुनंही हलकंच. वय झालं ना बाई, मला सगळंच कधी हलकं वाटतं, कधी जड." आणि स्वतःच हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं. काकांच्या पाठीतून घामाची एक धार सरळ खाली गेली.

हंडा कमरेइतका उंच, आतून काचेचा लेप दिलेला. त्यात पाण्यात कालवलेली कोळशाची पूड. तिच्यावर धातूचं तपकिरी पाणी थेंबाथेंबानं सोडायचं आणि पंचेचाळीस मिनिटं हातानं ढवळायचं. शेवटी डोळ्यांची आग करणारं एक औषध ओतलं की पाण्यातला धातू बारीक बारीक दाणे होऊन कोळशावर जाऊन बसायचा. मग गाळायचं, धुवायचं, आणि ओलंच डब्यात भरायचं. ओलंच! त्या खोलीतली ती पहिली आज्ञा. ती काळी पूड ओली असेपर्यंत गाय, वाळली की वाघ. तिला काडी लावावी लागत नाही, नुसत्या हवेनं पेटते.

ही पूड जायची औषधाच्या कारखान्यांत. तिथे एका रसायनात वायू मुरवायचा असतो, पण निम्माच. निम्म्यावर थांबलं तर औषध, पुढे गेलं तर गटारात ओतायचं पाणी. पूड स्वतः त्यात खर्ची पडत नाही, लग्न जमवून देऊन बाजूला होणाऱ्या मध्यस्थासारखी ती फक्त दोघांना एकत्र आणते. पण दुसऱ्यांच्या पुडी थांबायचं नाव घेत नसत. काजळकाकांची पूड निम्म्यावर आली की गप्प बसायची. का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. साहेबांना कोणी विचारलं की ते काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हातगुण हो, दुसरं काय! काही जणांच्या हातालाच यश असतं."

एकोणीस वर्षं काका ती थाप खात आले होते. नखांत, कानामागे, मानेच्या वळ्यांत ती पूड अशी मुरली होती की काजळकाका हेच नाव पडलं. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं.

आता मालकांनी दुसऱ्या शहरात नवा कारखाना उभारला होता. सगळं चकचकीत, सगळं यंत्रावर. तोच कोळसा, तोच धातू, तेच माप, आणि तिथली पूड काही केल्या निम्म्यावर थांबत नव्हती. म्हणून या डॉक्टरबाई आल्या होत्या. माणसांच्या डॉक्टर नव्हेत, असल्या पुडींचाच अभ्यास करून डॉक्टर झालेल्या. हातगुण म्हणजे नक्की काय ते लिहून न्यायला आल्या होत्या.

आणि हातगुण सतरा नंबरच्या कपाटात ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता.

झालं होतं ते असं. नोकरीला लागून तीन महिने होत नाहीत तोच काकांच्या हातून टेफ्लॉनचं पांढरं वल्हं मोडलं. ती वस्तू परदेशातून यायची आणि तिची किंमत ऐकूनच माणसाला ताप भरावा. काकांनी वल्हं चिकटवलं, खिळ्याला टांगून ठेवलं आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. पण चिकटवलेल्या वल्ह्यानं ढवळणार कसं? मग त्यांनी घरच्या मोडक्या दाराच्या चौकटीतलं एक लाकूड तासलं. हंड्याच्या काचेला ओरखडा जाऊ नये म्हणून त्याच्यावर सायकलची ट्यूब कापून घट्ट गुंडाळली. नवं वल्हं येईपर्यंत चार दिवस काम भागवायचं, एवढाच विचार. चार दिवसांची एकोणीस वर्षं झाली. काळं वल्हं पाण्याच्या बादलीत बुडवलेलं असायचं, तपासनीस आले की बादली फळ्यांमागे जायची, आणि नोंदवहीत प्रत्येक घाण्यापुढे काका वळणदार अक्षरात लिहायचे, 'ढवळणी – पांढरं वल्हं'. खाली सही. अशा अडीच हजारांवर सह्या झाल्या होत्या.

एका खोट्या नोंदीपायी साहेबांनी पंपावरच्या माणसाला उभ्या उभ्या घरी पाठवलेलं काकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. एका नोंदीपायी! आणि काकांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

"पंचेचाळीस," डॉक्टरबाईंनी घड्याळ दाबलं. "चला, ताईंकडे."

नळीवाल्या ताई पलीकडच्या खोलीत बसायच्या. प्रत्येक घाण्यातली चिमूटभर पूड त्यांच्याकडे जायची. त्या ती पूड रसायनात घालून बाटली हलवायला लावायच्या. वायू मुरत गेला की शेजारच्या काचेच्या नळीत पाणी वर चढायचं. नळीला निम्म्यावर ताईंनी एक लाल दोरा बांधला होता. पाणी दोऱ्याशी थांबलं की घाणा पास. बावीस वर्षं त्या हेच बघत होत्या, आणि दोऱ्याशी पाणी थांबलं की दर वेळी, न चुकता, "आलं बाई स्टेशन!" म्हणायच्या.

आज पाणी दोऱ्यापर्यंत आलं आणि दोऱ्याला न विचारता वर गेलं.

"अगं बाई!" ताई खुर्चीतून उठल्या. "दादा, हे काय हो?"

पाणी चढतच होतं. काकांना वाटलं होतं, नव्हे, एकोणीस वर्षं मनोमन खात्री होती, की वल्ह्याचा आणि यशाचा काही संबंध नाही. वल्हं ते वल्हं. यश आपल्या हाताचं. आणि आता ते हात घेऊन ते तिथे उभे होते आणि पाणी चढत होतं.

"गंमत आहे," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "अगदी आमच्यासारखंच."

जेवणाच्या सुट्टीत काका कपाटापाशी गेले. इकडे तिकडे बघून कुलूप काढलं, गोणपाटावर बाटलीभर पाणी शिंपडलं, पुन्हा कुलूप लावलं. वल्ह्याच्या ट्यूबच्या प्रत्येक वेढ्याखाली पूड अडकलेली होती. बादलीत असती तर चिंता नव्हती. पण बादली कुठे लपवणार? बाई दिवसभर खोलीत. दर दोन तासांनी पाणी घालायचं, बस. रोपट्याला घालतो तसं. शेजारच्या कपाटांत सगळ्यांचे कपडे होते, कोणाच्या लेकराचा फोटो दाराला आतून चिकटवलेला होता. तो विचार काकांनी पुढे जाऊ दिला नाही.

संध्याकाळी निघताना त्यांनी दोन बाटल्या पाणी ओतलं, कपाटाखाली ओघळ आला तो फडक्यानं पुसला.

घरी जेवायला बसले. काकू समोर बसून बघत होत्या.

"भाजीत मीठ नाहीये," काकू म्हणाल्या.

"हं."

"मुद्दामच घातलं नाही. म्हटलं बघू, जेवतायत की नुसतं गिळतायत."

काकांनी ताटाकडे पाहिलं. भाजी अर्धी संपली होती.

"काय झालंय?"

"काही नाही."

"तुमचं 'काही नाही' मी चांगलं ओळखते. मागे 'काही नाही' म्हणालात तेव्हा दाढ काढावी लागली होती."

"काही नाही म्हटलं ना! नव्या बाई आल्यात, बारकाईनं बघतात सगळं."

"मग बघू देत की. तुम्ही काय चोरी केलीये?"

काकांना ठसका लागला. काकूंनी पाणी पुढे केलं. पाठीमागे, गॅलरीत, काकूंची सायकल भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावर टॉवेल वाळत होता. एकोणीस वर्षांपूर्वी पंक्चर काढून आणतो म्हणून काकांनी तिची ट्यूब नेली होती. सुरुवातीला काकू विचारायच्या. मग थट्टा करायच्या, "दुकानदार अजून भोक शोधतोय वाटतं!" मग त्यांनी तेही सोडून दिलं आणि सायकलवर टॉवेल घालायला लागल्या.

"काय गं," काका पाणी पिऊन म्हणाले, "गोणपाट ओलं करून बंद कपाटात ठेवलं, तर वाळायला किती वेळ लागतो?"

"उन्हाळ्यात? सकाळी ठेवलं तर दुपारपर्यंत चुरचुरीत. का हो?"

"काही नाही," काका म्हणाले, आणि त्या रात्री त्यांना झोप म्हणून लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पांढरं वल्हं, पंचेचाळीस मिनिटं, नळी, लाल दोरा, आणि दोऱ्याला ओलांडून गेलेलं पाणी. ताईंनी रसायन नवं घेतलं, बाटली तीनदा धुतली, नळी उतरवून पुन्हा लावली. काही उपयोग झाला नाही.

दुपारी डॉक्टरबाईंनी काकांना एक चित्र दाखवलं. राखाडी पार्श्वभूमीवर काळे ठिपके, कोणीतरी मोहरी सांडल्यासारखे.

"ओळखलंत? तुमचीच पूड आहे. गेल्या वर्षीचा डबा होता, त्यातली. हा करडा कोळसा, आणि हे ठिपके म्हणजे धातूचे दाणे. तुमच्या नखाच्या रुंदीत असे वीस लाख दाणे ओळीनं बसतील."

काका बघत राहिले. जन्म काढला ह्या पुडीत, आणि ती दिसते कशी ते आज पाहत होते. एक क्षणभर त्यांना भलताच अभिमान वाटला. इतकं बारीक, इतकं एकसारखं काम आपल्या हातून झालं! मग त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. ज्या यंत्राला नखाचा वीस लाखावा भाग दिसतो, त्याला सायकलची ट्यूब दिसणार नाही?

"ह्यात... ह्यात आणखी काही दिसतं का बाई? म्हणजे, घाण वगैरे?"

"शोधलं तर सगळं दिसतं," बाई म्हणाल्या. "पण काय शोधायचं तेच कळलं पाहिजे ना."

त्या चाणाक्ष नजरेनं काकांकडे पाहतायत असं काकांना वाटलं. खरं तर त्या चष्मा पुसत होत्या. पण घाबरलेल्या माणसाला कोण समजावणार? त्या दुपारी काकांनी तीनदा पोट बिघडल्याचं निमित्त केलं आणि तीनदा कपाटाला पाणी घातलं.

शुक्रवारी सकाळी मात्र त्यांना हलताच आलं नाही. बाईंनी एक सोडून दोन घाणे लावले, आणि दोन्ही संपत नाहीत तोच साहेबांचं बोलावणं आलं. सगळ्यांनी केबिनमध्ये या, ताबडतोब. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. कपाटाला शेवटचं पाणी सकाळी सातला. आणि कपडे बदलायच्या खोलीची पत्र्याची भिंत पश्चिमेची, दुपारी तिला हात लावला तर चटका बसतो.

"साहेब, मी एक मिनिटात..."

"नंतर, काका. बसा."

केबिनमध्ये ताई आधीच उभ्या होत्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. साहेबांनी समोरचे कागद नीट केले.

"मी सरळ बोलतो. नव्या कारखान्याचे अकरा घाणे नापास. इथले चार नापास. तिथली माणसं वेगळी, यंत्रं वेगळी. काका तर एकोणीस वर्षं तेच करतायत, त्यांच्या हातात खोट असणं शक्य नाही. मग दोन्हीकडे सारखं काय आहे? हे सगळे घाणे तपासायला एकाच ठिकाणी आले. तुमच्या नळीवर, ताई."

"माझ्या?" ताईंचा आवाज चिरकला. "साहेब, नळी मी रोज तपासते..."

"नळी बिघडली आणि तुम्ही ते दडवलंत, असं मी म्हणत नाही. पण चौकशी होईल. तोपर्यंत उद्यापासून तुम्ही घरी थांबा. चाव्या आजच द्या."

ताईंच्या घरात कमावणारी दुसरी कोणी नव्हती. म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या साहेबांकडे बघत नव्हत्या. काकांकडे बघत होत्या.

"दादा, तुम्ही तरी सांगा. माझी नळी कधी खोटं बोललीये का?"

साधा प्रश्न होता. उत्तरही साधं होतं. काकांनी तोंड उघडलं. डोळ्यांसमोर अडीच हजार सह्या आल्या. पंपावरचा माणूस आला, फाटकातून बाहेर जाताना त्यानं डबा कसा छातीशी धरला होता तो. सात महिने. फक्त सात महिने. काकांनी मान खाली घातली.

ताईंनी कमरेच्या चाव्या काढून टेबलावर ठेवल्या आणि त्या बाहेर गेल्या.

साहेब पुढे काहीतरी बोलत होते, डॉक्टरबाईंना ते पटत नव्हतं, त्या मान हलवत होत्या. काकांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. कारण त्यांना वास आला होता. अगदी पुसट, दुसऱ्या कोणाच्या गावीही नसलेला. जळणाऱ्या रबराचा.

ते उठले. खुर्ची आडवी पडली. "अहो काका!" असं साहेब म्हणाले असतील. काका धावत होते. साठीला आलेला माणूस धावतो तसे, एक हात गुडघ्यावर, दुसरा हवेत. कपडे बदलायच्या खोलीत कोणी नव्हतं. सतरा नंबरच्या फटीतून निळसर धूर येत होता. जुडग्यातल्या चाव्या त्यांनी एकेक लावून पाहिल्या, ही नव्हे, ही नव्हे, ही. दार उघडलं तर गोणपाटाची कड लाल होऊन सरपटत होती, आणि वरच्या खुंटीवरचा त्यांचाच सदरा आता पेटतो की मग अशा बेतात होता. काकांनी उघड्या हातांनी ते गाठोडं उचललं. तळहातांची कातडी चर्र झाली, ते ऐकू आलं. कोपऱ्यात लादी पुसायची बादली होती, भरलेली. देवासारखी भरलेली. त्यांनी सगळं तिच्यात कोंबलं आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरलं.

सूं... करून आवाज आला, आणि संपलं.

काका लादीवर बसले. बाजूच्या कपाटाचं दार तापलं होतं. ते अठरा नंबर, त्यातच त्या लेकराचा फोटो होता. काकांना रडू आलं. इतकं भ्यायचं, एकोणीस वर्षं भ्यायचं, आणि त्या भीतीपायी बावीस माणसांचे कपडे, फोटो, कदाचित माणसंच पेटवून द्यायची? अरे, कोण आहेस तू?

कोणी पाहिलं नव्हतं. मागे गटार होतं. गोणपाट टाकून दिलं, वल्हं मोडून कचऱ्यात घातलं, सदरा बदलला, की झालं. भाजलेल्या हाताचं काय, औषधाचा हंडा सांडला म्हणायचं.

भिंतीपलीकडून आवाज आला. ताई आपलं टेबल आवरत होत्या. खण उघडत होता, बंद होत होता. काचेला काच लागल्याचा आवाज. बावीस वर्षांचं सामान, दोन-चार मिनिटांत संपणार होतं.

काकांनी बादलीची कडी धरली. हात इतका झोंबला की तोंडातून शिवी गेली. तरी उचलली.

केबिनमध्ये त्यांनी ती सरळ साहेबांच्या टेबलासमोर, गालिच्यावर ठेवली. काळं पाणी हिंदकळून गालिच्यावर सांडलं.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"वल्हं."

"कसलं वल्हं?"

"माझं. ह्यानंच ढवळतो मी. नळी खरी बोलतेय साहेब. खोटं मी बोलतोय."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

"आणि नोंदवहीत?"

"ते सगळं खोटं."

साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "एकोणीस वर्षं? काका, मी तुमच्या नावानं... अहो, बाहेरची माणसं आणून मी तुम्हाला दाखवलंय! हातगुण म्हणून!"

"हो साहेब."

"ह्याचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

"त्याच्याच भीतीनं तर झालं सगळं."

डॉक्टरबाई मात्र कोणाचंच ऐकत नव्हत्या. त्या खुर्ची सोडून खाली बादलीशी उकिडव्या बसल्या होत्या. चांगले कपडे काळ्या पाण्यात भिजतायत ह्याचं भान नव्हतं. त्यांनी वल्ह्यावरच्या रबराचा एक तुकडा सोलला, बोटांत चुरला, नाकाशी नेला. आणि मग लहान मुलीसारख्या हसल्या.

"गंधक!" त्या म्हणाल्या. "साहेब, गंधक! रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घालतात. तो ह्या धातूचं विष. पोटभर दिला तर धातू मरतो, पण तिळभर दिला तर नुसता शांत होतो. एकोणीस वर्षं ही ट्यूब तिळातिळानं... काका, नवी ट्यूब लावली की पहिला घाणा मंद व्हायचा का?"

"व्हायचा," काका म्हणाले. "आळशी व्हायचा. मला वाटायचं, मीच दमलोय."

ताईंना परत बोलावलं. साहेबांनी चाव्या उचलून त्यांच्या हातात दिल्या, चार शब्द माफीचेही बोलले. दारातून बाहेर पडताना त्या काकांजवळ थांबल्या. त्यांच्या भाजलेल्या हातांकडे त्यांनी पाहिलं.

"मी विचारलं तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत," त्या म्हणाल्या.

"घातली."

"एकोणीस वर्षं मी तुम्हाला दादा म्हणतेय."

ताई गेल्या. त्यानंतर त्या कामापुरतं बोलायच्या. दादा म्हणायच्या नाहीत.

त्या संध्याकाळी काकांनी बायकोला सगळं सांगितलं. काकू त्यांच्या तळहातांना मलम लावत होत्या. सगळं ऐकून घेतलं. शेवटी गॅलरीकडे पाहिलं.

"म्हणजे पंक्चर नव्हतंच काढायला नेलं."

"नाही."

"आणि मी त्या बिचाऱ्या दुकानदाराला शिव्या घालत बसले. अहो, सांगितलं असतंत तर दुसरी ट्यूब विकत आणून दिली असती मी."

"दुसरीही घेतली होती," काका म्हणाले. "मागच्या चाकाची."

काकू हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. काकांनाही हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

नोकरी गेली नाही. डॉक्टरबाई साहेबांशी भांडल्या म्हणे, हा माणूस नसता तर ही गोष्ट जन्मात सापडली नसती म्हणून. साहेबांनी एक कडक पत्र दिलं आणि उरलेले महिने गोदामात डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायला ठेवलं. तीन आठवड्यांनी बाई एक लहानशी बाटली घेऊन आल्या. त्यात गंधकाचं कसलं तरी पाणी होतं. नव्या कारखान्याची पूड, यंत्रानं ढवळलेली, माणसाचा हात न लागलेली. शेवटी त्या बाटलीतले मोजून दोन थेंब. ताईंनी बाटली हलवायला लावली. सगळे जमले होते, काकाही मागे उभे होते. नळीत पाणी चढलं, चढलं, लाल दोऱ्याशी आलं आणि थांबलं. तसूभर पुढे गेलं नाही.

टाळ्या वाजल्या. ताई सवयीनं म्हणाल्या, "आलं बाई स्टेशन," आणि मग त्यांनी मागे वळून काकांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

दोन थेंब. काकांना काय वाटलं ते त्यांनाच सांगता आलं नसतं. एकोणीस वर्षं त्यांना वाटत होतं की आपण पकडले गेलो तर नोकरी जाईल. नोकरी राहिली. गेला तो हातगुण, आणि तो जाईल म्हणून भ्यायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

महिनाअखेरीस हंड्याची खोली बंद करायचं ठरलं. डॉक्टरबाईंनी वल्हं परत पाठवलं. रबर सगळं तपासणीला काढून घेतलं होतं, उरलं होतं नुसतं लाकूड. जिथे ट्यूब होती तिथे ते अजून नव्यासारखं गोरं होतं, रंध्याच्या खुणांसकट. काकांनी ते गोदामातल्या फळीवर ठेवलं. आता ते वाळलं तरी काही होणार नव्हतं.

खोलीच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, ते नेहमीसारखे सातला आले. गोदाम आठला उघडायचं. पाय आपोआप हंड्याकडे वळले. हंडा पुसून उपडा घातला होता. खिळ्यावरचं चिकटवलेलं पांढरं वल्हं कोणीतरी काढून नेलं होतं. फळ्यांमागे त्यांची बादली तेवढी होती. काकांनी ती नळाखाली धरली आणि काठोकाठ भरली. रोज पहिलं काम तेच असायचं. भरून झाल्यावर ती घेऊन ते जागेवर आले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तिच्यात बुडवून ठेवायला काहीच नाही.

भीती गेली होती. सकाळी उठल्यावर छातीवर बसायची ती, कपाटाचं कुलूप दोनदा ओढून बघायला लावायची ती. ती गेली हे बरंच झालं, कोणीही हेच म्हणेल. पण तिच्याबरोबर दुसरंही काही गेलं होतं, आणि दोघांच्या जागी नवं काही आलेलं नव्हतं.

"दादा," दारातून ताई म्हणाल्या. "पाणी कशाला भरलंत?"

कितीतरी दिवसांनी त्यांनी दादा म्हटलं होतं. काकांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्यांनी बाह्या वर केल्या, तळहातांवर नवी, गुलाबी कातडी आलेले दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत घातले, आणि तसेच ओणवे उभे राहिले. पाणी गार होतं.